बेरीज नाकारणारी यादी

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातलं पैनगंगेकाठचं गाव. या पट्ट्यात पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी दोन गोष्टी विचारल्या जातात: रात्री किती पडला, आणि पासष्टच्या वर गेला का. दुसऱ्या प्रश्नामागे पोटापाण्याचं कारण आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की सरकारी दप्तरात ती अतिवृष्टी ठरते आणि पाण्याखाली गेलेल्या सोयाबीन-कपाशीच्या पंचनाम्यांचा विषय निघतो. दोन आकड्यांची साधी तुलना, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून.

आता समजा, या गावातली एक मुलगी नुकतीच पायथॉन ही संगणकाची भाषा शिकू लागली आहे आणि सरावाला तिने पावसाचाच विषय घेतला. वहीत पाच दिवसांची मापं आहेत: १२, ०, ७०, ९ आणि ११२ मिलिमीटर. तिने ‘इनपुट’ वापरून एकेक माप विचारलं, ‘ॲपेंड’ करून ‘पाऊस’ नावाच्या यादीत टाकलं आणि एक दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. पायथॉनचे स्वतःचे शब्द संगणकावर रोमन लिपीतच लिहावे लागतात. इथे ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत छापले आहेत.

डेफ एकूण(नोंदी):
    रिटर्न सम(नोंदी)

‘एकूण(पाऊस)’ असं म्हटल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं उमटली. त्यातली शेवटची ओळ अशी: टाइपएरर: अनसपोर्टेड ऑपरंड टाइप्स फॉर प्लस: इंट अँड एसटीआर. म्हणजे पूर्णांक आणि मजकूर यांची बेरीज मी करणार नाही.

इथे दोन शंका येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी, की मी तर आकडेच दिले, मजकूर आला कुठून? दुसरी जरा बारकाईने वाचणाऱ्याची: बरं, सगळाच मजकूर असेल तर मग हा ‘इंट’ कोणाचा?

पहिलीचं उत्तर ‘इनपुट’मध्ये आहे. पायथॉन ३ मधलं हे फंक्शन कळफलकावरून जे येईल ते मजकूर म्हणूनच हाती देतं. तुम्ही ७० दाबलंत तरी त्याच्या लेखी ते ‘सात’ आणि ‘शून्य’ ही एकापुढे एक ठेवलेली दोन अक्षरं. फाइलमधून ओळ वाचली तरी तेच होतं. यादी जशीच्या तशी छापून पाहिली, तर प्रत्येक मापाभोवती अवतरणचिन्हं दिसतात: ['१२', '०', '७०', '९', '११२']. निदान तिथेच झालं. एकटं माप छापलं तर मात्र ही चिन्हं दिसत नाहीत. ‘प्रिंट’ ती काढून टाकतो, आणि १२ हा आकडा व १२ हा मजकूर पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. म्हणून शंका आली की एखादं माप नाही, सबंध यादी छापावी.

दुसरीचं उत्तर जास्त गमतीचं आहे. ‘सम’ हे फंक्शन रिकाम्या हाताने बेरजेला बसत नाही. ते शून्य घेऊन बसतं आणि त्यात एकेक घटक मिळवत जातं. पहिल्याच पावलाला त्याच्यासमोर ० आणि "१२" आले. तो ‘इंट’ म्हणजे हे शून्य, जे त्या मुलीने कुठेच लिहिलेलं नव्हतं. पायथॉनच्या तक्रारी कोरड्या असतात, पण त्यांत खोटं काही नसतं. शब्द न् शब्द वाचला तर कोणत्या पावलाला अडलं तेही कळतं.

आता इलाज. इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, तो असा. बेरीज ‘फॉर’ची फिरकी लावून केलेली असते: ‘बेरीज’ शून्यापासून सुरू, मग प्रत्येक मापाला बेरीज = बेरीज + माप. पायथॉन म्हणतो, इंट आणि एसटीआर जुळत नाहीत. मग दोघांना एका जातीचं करायचं, एवढं लक्षात येतं. पण कोणाला बदलायचं? घाईत हात ‘बेरीज’वर पडतो आणि ती ओळ होते बेरीज = एसटीआर(बेरीज) + माप. तांबडी अक्षरं गेली. उत्तर आलं: ०१२०७०९११२. मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं, त्यामुळे ०, १२, ०, ७०, ९ आणि ११२ एका रांगेत उभे राहिले. हा मिलिमीटरचा आकडा मानला तर बारा कोटी सात लाखांच्या वर जातो, म्हणजे देऊळघाटावर पाच दिवसांत १२० किलोमीटर उंचीचं पाणी. खरी बेरीज २०३.

हे उत्तर इतकं हास्यास्पद आहे की चटकन पकडलं जातं. सगळीच चुकीची उत्तरं एवढी उपकारक नसतात. त्याच यादीला विचारा, सर्वांत जास्त पाऊस कोणता: ‘मॅक्स(पाऊस)’. एकही तक्रार न करता पायथॉन "९" असं उत्तर देतो. ‘सॉर्टेड’ केलं तर क्रम येतो ०, ११२, १२, ७०, ९. मजकुराची तुलना शब्दकोशाच्या रीतीने पहिल्या अक्षरापासून होते, आणि ९ हे अक्षर १ आणि ७ यांच्या नंतरचं. पुढे किती अक्षरं आहेत याला महत्त्व नाही. ११२ मिलिमीटरचा दिवस इथे शून्याच्या शेजारी जाऊन बसला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. माझं मत विचाराल तर नवशिक्याने टाइपएररला घाबरूच नये. ज्या ओळीवर एरर यायला हवा होता आणि आला नाही, तिला घाबरावं.

पायथॉनलाही हे शहाणपण उशिरा आलं. नेदरलँड्सच्या गीडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या अखेरीस ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. तिच्या दुसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे पायथॉन २ मध्ये, आकडा आणि मजकूर यांची लहान-मोठी तुलना चालत असे. नियम असा, की कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा. आपल्या मजकुराच्या यादीवर ‘माप ६५ पेक्षा मोठं असेल तर एक दिवस मोज’ असं फंक्शन त्या काळी चालवलं असतं, तर पाचही दिवस अतिवृष्टीचे निघाले असते. जिथे एक थेंब पडला नाही तो "०"चा दिवससुद्धा! डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने ही मुभा काढून घेतली. आता तीच तुलना केली की टाइपएरर येतो: एसटीआर आणि इंट यांच्यात ‘पेक्षा मोठा’ हे चिन्ह चालत नाही.

पायथॉन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला, पण त्याच्यावरची पुस्तकं आणि व्हिडिओ अजून फिरत असतात. त्यात ‘इनपुट’ने दिलेला १२ थेट आकडा होऊन येतो, कारण जुनं ‘इनपुट’ टंकलेला मजकूर पायथॉनचाच हुकूम समजून सोडवून पाहायचं. तिथला नमुना आज जसाच्या तसा वापरला की आकड्यांच्या जागी मजकूर येतो आणि विद्यार्थी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून डोकं धरून बसतो.

न विचारता अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने मोठमोठ्यांना जेरीस आणलं आहे. एक्सेलमध्ये जनुकांची नावं भरताना ‘सेप्ट१’ आणि ‘मार्च१’ ही नावं तारखा होऊन जात. शोधनिबंधांना जोडलेल्या तक्त्यांतही या चुका सापडल्या. अखेर मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. ‘सेप्ट१’ झालं ‘सेप्टिन१’ आणि ‘मार्च१’ झालं ‘मार्चएफ१’. एक्सेलने अंदाज बांधला आणि बारसं जनुकांचं झालं. पायथॉन अशा वेळी अडून बसतो, आणि ते अडणंच बरं.

तर मग दुरुस्ती कुठे करायची? एरर ज्या ओळीवर दिसला, ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. ‘सम’ने काही चूक केली नव्हती. चूक झाली ती यादीत माप टाकताना, कितीतरी ओळी आधी. दळणातले खडे घरी सुपात निवडतात, गिरणीवर नाही. तसं मजकुराचा आकडा करायचं काम यादीच्या दारात उरकावं. ॲपेंड करतानाच पाऊस.ॲपेंड(फ्लोट(माप)) असं लिहिलं, की पुढची सगळी फंक्शनं बिनघोर चालतात. दारात न करता प्रत्येक फंक्शनमध्ये जिथे अडेल तिथे ‘फ्लोट’ लावत सुटलं, तर दहा ठिकाणी लावाल आणि अकरावं राहील. ते अकरावं नेमकं ‘मॅक्स’ निघायचं, जे बोलतसुद्धा नाही.

‘इंट’ न घेता ‘फ्लोट’, म्हणजे दशांश चालणारा आकडा, घेतला, कारण पाऊस ७०.५ मिलिमीटरही असतो. "७०.५" या मजकुराला ‘इंट’ लावला तर व्हॅल्यूएरर येतो. दोन्ही नावं सारखीच वाटली तरी तक्रारी वेगळ्या आहेत. टाइपएरर म्हणतो, ही जातच मला या कामाला चालत नाही. व्हॅल्यूएरर म्हणतो, जात ठीक आहे, मजकूर मी घेतो, पण यातून आकडा निघत नाही. बाजार समितीच्या भावपत्रकातला "४,२५०" हा भाव स्वल्पविरामामुळे याच कारणाने अडतो. ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढून टाकला की मार्ग मोकळा.

आणि मराठी अंक? वहीतले आकडे कोणी मोबाइलवर देवनागरीत टंकून पाठवले असतील तर? इथे पायथॉन सुखद धक्का देतो. देवनागरी अंकांत लिहिलेल्या "७०" ला ‘इंट’ लावा, सरळ सत्तर मिळतात, "७०.५" ला ‘फ्लोट’ लावला तरी चालतं. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अंकाची किंमत नोंदलेली आहे आणि पायथॉन ती वाचतो. मात्र ही सवलत मजकुरापुरती. प्रोग्रामच्या ओळीत अवतरणचिन्हांशिवाय देवनागरी आकडा लिहिला तर तो सिंटॅक्सएरर.

एखाद्या दिवसाची जागा कोरी असेल तर खरा विचार करावा लागतो. रिकाम्या मजकुराचा ‘फ्लोट’ होत नाही, व्हॅल्यूएरर येतो. सोपी पळवाट म्हणजे तिथे शून्य भरणं. पण ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या दिवशी पर्जन्यमापकच वाहून गेला असेल त्या दिवशी शून्य भरणं म्हणजे अतिवृष्टी पुसून टाकणं. पायथॉनमध्ये ‘काहीच नाही’ यासाठी ‘नन’ ही खास किंमत आहे. कोऱ्या जागी ‘नन’ ठेवला की ६५ शी तुलना करताना पुन्हा टाइपएरर येईल, या खेपेस ननटाइप आणि इंट यांचा. येऊ द्यावा. त्या एका ओळीवर थांबून, न मोजलेले दिवस वगळायचे की वेगळे मोजून दाखवायचे, हे ठरवता येतं. शून्य भरलं असतं तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

‘नन’ची दुसरी वाट मात्र निव्वळ गैरसमजाची आहे, आणि याद्यांच्या बाबतीत नवशिक्यांना सर्वांत जास्त हीच भोवते. पाऊस = पाऊस.ॲपेंड(१५) असं लिहिलं जातं. ‘ॲपेंड’ आहे त्याच यादीत भर घालतो, नवी यादी देत नाही. परत देतो तो ‘नन’. त्यामुळे डावीकडचा ‘पाऊस’ आता यादी राहिलाच नाही. पुढे ‘लेन(पाऊस)’ म्हटलं की उत्तर येतं: ननटाइपला लांबी नसते. ‘फॉर’मध्ये घातला की ननटाइपमधून एकेक घटक काढता येत नाही. ‘सॉर्ट’ही याच पठडीतला, क्रम लावलेली नवी यादी हवी असेल तर ‘सॉर्टेड’ आहे. स्वतःच्या फंक्शनमध्ये ‘रिटर्न’ लिहायचं राहिलं तरीही हाच ‘नन’ बाहेर येतो. तक्रारीत ननटाइप दिसला की त्या ओळीकडे फार वेळ पाहत बसू नये. ती किंमत जिथून आली ती ओळ शोधावी.

बेरजेच्या चिन्हाचीही एक खोडी आहे. यादीत मजकूर मिळवायला पाऊस + "२२" लिहिलं तर पायथॉन नाकारतो: यादीला फक्त यादीच जोडता येते. पण पाऊस += "२२" लिहिलं तर तो मुकाट्याने मान्य करतो आणि यादीच्या शेवटी "२" आणि "२" असे दोन सुटे घटक लावतो. कारण += घटक सुटे करता येणारी कोणतीही वस्तू घेतं, आणि मजकुराची अक्षरं सुटी होतात. आकडा २२ दिला तर तोच += पुन्हा अडतो. एकाच कामाच्या तीन लिखावटी, दोन बोलतात आणि एक गप्प बसते. भाषा घडवणाऱ्यांनी हे नीट केलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. पण ते तसं आहे, आणि एक घटक वाढवायला ‘ॲपेंड’ची सवय लावणं हा त्यावरचा उपाय.

यादीतला कितवा घटक हवा ते चौकटी कंसात पूर्णांकानेच सांगावं लागतं. मधला दिवस काढायला लांबीला दोनने भागलं की भागाकार नेहमी दशांशात येतो, अगदी चार भागिले दोनसुद्धा २.०, आणि दशांशाची जागा यादीला कळत नाही. भागाकाराची तिरपी रेघ दोनदा दिली की पूर्णांक मिळतो आणि काम होतं. चौकटी कंसाऐवजी गोल कंस घातला तर तक्रार येते, लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल, कारण गोल कंस म्हणजे फंक्शनला हाक.

हीच तक्रार आणखी एका वाटेने येते, आणि तिथे मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे. इंग्रजीत नावं देणारे विद्यार्थी बेरजेच्या डब्याला ‘सम’ आणि यादीला ‘लिस्ट’ असंच नाव देऊन बसतात. पायथॉन आक्षेप घेत नाही. त्या प्रोग्रामपुरता ‘सम’ आता फंक्शन नसून आकडा झालेला असतो. दहा ओळींनंतर खरा ‘सम’ लागतो तेव्हा पायथॉन म्हणतो, इंटला हाक मारता येत नाही. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत देता येतात: पाऊस, नोंदी, एकूण_पाऊस. पायथॉनचं स्वतःचं एकही नाव देवनागरीत नसल्यामुळे ही टक्कर होऊच शकत नाही. एक पथ्य पाळावं लागतं. ‘शेतकऱ्याचा’मधला ऱ्य काही कळफलकांवर न दिसणारं जोडचिन्ह घालून उमटतो, ते नावात शिरलं की पायथॉन न छापता येणाऱ्या अक्षराची तक्रार करतो आणि डोळ्यांना काहीच सापडत नाही. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टंकलं की अडचण राहत नाही.

पायथॉन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, फंक्शनला मिळणाऱ्या किमतींच्या नावांपुढे त्यांची जात लिहून ठेवायची प्रमाणित रीत आहे. ‘नोंदी ही फ्लोटची यादी’ असं वर लिहिता येतं. चालताना पायथॉन त्याकडे ढुंकूनही पाहत नाही; ते वाचून आधीच चुका दाखवायला मायपायसारखी वेगळी साधनं लागतात. तरीही लिहावं, कारण लिहिताना आपल्यालाच ठरवावं लागतं की यात काय येणार.

जात बरोबर असली की सगळं बरोबर, असंही नाही. पावसाच्या वहीतच पुढच्या पानावर दोन वावरांची क्षेत्रं लिहिली आहेत असं धरू: २.२० आणि १.३०. म्हणजे दोन एकर वीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे. ‘फ्लोट’ लावला, दोन्ही मुकाट आकडे झाले, ‘सम’ने ३.५ सांगितलं. कुठेही एरर नाही, आणि उत्तर चुकलं. एकराचे गुंठे चाळीस; त्या टिंबाच्या उजवीकडे दशांश नव्हताच. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशी तीन घरं असतात. तिथलं १.२०.०० हे क्षेत्र दोन टिंबांमुळे ‘फ्लोट’च्या दारातच अडतं, त्यामुळे निदान लक्षात तरी येतं. एकर-गुंठ्यांचं एकच टिंब मात्र सहज आत शिरतं.

म्हणून ही मापं आकडा म्हणून न ठेवता जोडी म्हणून ठेवावीत: (२, २०) आणि (१, ३०). आता ‘सम’ला सांगितलं की तो शून्य घेऊन येईल, समोर जोडी पाहील आणि टाइपएरर देईल, इंट आणि टपल (म्हणजे ही जोडी) यांचा. इथे त्याला गप्प करण्याच्या भानगडीत पडू नये. ‘एकूण_क्षेत्र’ नावाचं फंक्शन लिहावं, प्रत्येक जोडीच्या एकरांना चाळीसने गुणून त्यात गुंठे मिळवावेत, शंभर आणि सत्तर मिळून एकशे सत्तर गुंठे झाले की ते ‘डिव्हमॉड’ला द्यावेत. तो चाळीसने भागून भागाकार आणि बाकी एकदम देतो: ४ आणि १०. दोन्ही वावरं मिळून चार एकर दहा गुंठे.